चाकापर्यंतची हवा

"पेडल तळाला गेलं, यात तुझा काय दोष?" दीनानाथ गाडीखालून म्हणाले. "ब्रेक तापले की ऑइल उकळतं. उकळलं की त्यात वाफ धरते. मग वाफेवर पाय दाबत बसायचं."

"पाठ झालंय, बाबा." उल्काने टॉर्च जरा खाली धरला.

हमीदभाईंच्या हडपसरच्या गॅरेजात ती लाल, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार जॅकवर चढवलेली होती. दीनानाथांनी ती निवृत्तीनंतर हौसेने घेतली होती. चार महिन्यांपूर्वी शहराबाहेरच्या ट्रॅकवर उल्का ती चालवत असताना गाडी एका वळणावर न वळता सरळ टायरांच्या भिंतीत शिरली. उल्काला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ती एका कंपनीत वाहनांच्या चाचणी विभागात होती, आणि सोमवारी तिथून बदली मागणार होती.

"रविवारी एकदा ट्रॅकवर चालव," दीनानाथांनी अट घातली होती. "मग खुशाल माग."

काम त्यांनी मनापासून केले. बंपरमधले धुक्याचे दिवे काढून तिथे ब्रेक थंड ठेवणाऱ्या हवेसाठी तोंडे बसवली.

"पुण्यात धुकं राहिलंय कुठे?" हमीदभाई म्हणाले. "असतो तो सगळा धूर."

तोंडांपासून जाड, लवचीक पाइप चाकांपर्यंत नेले. हवा ब्रेकच्या तबकडीच्या बाहेरच्या अंगावर न मारता मध्यभागी सोडली, म्हणजे फिरणारी तबकडी ती आतून ओढून चहूकडे फेकेल. चाक पूर्ण वळवले तरी पाइप घासत नाही, हे दीनानाथांनी स्वतः वाकून पाहिले. ब्रेकचे पॅड नवे घातले, ऑइल बदलले.

कर्वेनगरला घरी आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या पाइपांतून थोडी अक्कल जाते का पुढे?"

"फक्त हवा," दीनानाथ शांतपणे म्हणाले. "पण तेवढी पुरते."

रविवारी ट्रॅकवर ऊन स्वच्छ होते. दीनानाथ नाव नोंदवून आले तेव्हा उल्का फडके घेऊन गाडीचे नाक पुसत होती. तिने फडके ठेवले, हेल्मेट चढवले आणि आत बसली.

"तबकड्या थंड राहणार," दीनानाथ खिडकीशी वाकून म्हणाले. "माझी खात्री आहे."

"तुमची असते हो नेहमी," ती म्हणाली आणि निघाली.

पहिली फेरी तिने बिचकत काढली. त्या वळणाच्या कितीतरी आधीच ब्रेकचे दिवे लागले. पुढच्या फेरीत ते थोडे उशिरा लागले, त्यानंतर आणखी उशिरा. गाडी प्रत्येक वेळी नाक किंचित खाली झुकवून वळणात शिरत होती.

हमीदभाई कठड्याला टेकले. "दीनानाथराव, एक विचारू? जुने पॅड मीच काढले. भाजल्याची खूण नव्हती त्यांच्यावर. ऑइलही उकळलेलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग ब्रेक?"

"उत्तम होते. त्या दिवशी मी इथेच उभा होतो, हमीदभाई. मागचे दिवे लागलेच नाहीत. पोरगी थिजली." त्यांनी ट्रॅकवरची नजर काढली नाही. "तसं सांगितलं असतं तर ती पुन्हा आत बसली असती? ब्रेक सुधारता येतो, हे तिला पटतं."

हमीदभाई कठड्यावरून सरळ झाले. "आणि एवढे पाइप?"

"खोटं सांगायचं तर काम तरी खरं हवं."

शेवटची फेरी सावकाश काढून गाडी परत आली. उल्का उतरली तेव्हा तिचा चेहरा घामाने निथळत होता आणि ती हसत होती.

"पेडल दगडासारखं घट्ट होतं, बाबा! बदली गेली खड्ड्यात."

"सांगितलं नव्हतं? सगळी हवेची करामत."

पाचोळा अडकला असेल तर काढावा म्हणून ते बंपरशी वाकले. दोन्ही तोंडे आतून काळ्या चिकटपट्टीने बंद केलेली होती. पट्टी आडवी-उभी, नीट लावलेली होती आणि कडा नखाने दाबून बसवल्या होत्या. फुंकरीएवढीही हवा आत गेली नसती.

ते तसेच वाकून राहिले. उल्का हेल्मेट काढून त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि हमीदभाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आईला मात्र त्या दिवशी ब्रेकच तापले होते असं सांगायचं हं, बाबा."