मचाणाची जागा

देवदत्तांनी मेपलच्या खोडावरून तळहात फिरवला. कमरेच्या उंचीवर साल सोलली होती, आतलं लाकूड अजून ओलसर लागत होतं. नर हरणाने इथे शिंगं घासली होती, आणि तीही एकदोन दिवसांत. हेच झाड! ते खूश झाले, पण त्या खुशीत खुन्नसच जास्त होती.

अकरा वाजता ईशानी येणार होती. थेट ओकव्हिलहून, इतक्या लांब गाडी हाकत, स्वतःच्या बापाला नापास करायला.

पंधरा दिवसांपूर्वी तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "डॅड, यू कान्ट सी एनीमोर. बंदूक पोलिसांकडे जमा कर, नाहीतर मी स्वतः रिपोर्ट करते."

सख्खी मुलगी! तिला दहाव्या वर्षी या सरकारी जंगलात कोणी आणलं? पहिलं नारिंगी जॅकेट कोणी घेऊन दिलं? हा रंग हरणाला कळत नाही पण माणसाला लांबून दिसतो, म्हणून तो अंगावर असल्याशिवाय जंगलात पाऊल टाकायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. आणि आता ही त्यांच्याच डोळ्यांत खोट काढणार. देवदत्तांना तेव्हा इतका संताप आला होता की हातातला चहा सांडला.

"ऐक," ते ओरडले होते. "आपल्या नेहमीच्या ओढ्याकाठी यंदाची मचाणाची जागा मी एकटा शोधून दाखवतो. चूक काढलीस तर बंदूक तुझी. नाही काढलीस तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

"डील," म्हणून तिने फोन ठेवला होता.

म्हणून ते नऊलाच आले होते. कुणाची मदत नको आणि कुणाची कीवही नको. गुडघे दुखत होते तरी खाली बसले. चिखलात दोन बोटं घालून खुराची खूण चाचपली. टोकं ओढ्याकडून इकडे वळलेली. लेंड्या दाबून पाहिल्या, मऊ होत्या. पायवाट ताजी होती. मग खिशातून भस्माची डबी काढली आणि चिमूटभर भस्म हवेत सोडलं. ते थेट त्यांच्याच तोंडावर आलं. छान. वारा ओढ्याकडून येत होता, म्हणजे तिकडून येणाऱ्या हरणाला माणसाचा वास लागणार नव्हता. काढ म्हणावं आता चूक!

त्यांनी खोडाला फीत बांधली. शिडी इथे लावायची, फळी तिथे. आता राहिला फक्त नेम. ओढ्यापलीकडची झाडं कधीच उघडी झाली होती, नुसता करडा पसारा. एका झाडावर मात्र उंच, एकच फांदी अजून नारिंगी पानं धरून बसली होती. ऑक्टोबर सरत आला तरी गळायला तयार नाही.

"हट्टी कार्टी," देवदत्त पुटपुटले, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं.

नेम धरायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी तीच फांदी घेतली. हातातली काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली. एक डोळा मिटला. हात जराही हलला नाही. अडुसष्टाव्या वर्षी हात असा स्थिर राहतो कुणाचा? ईशानीने हे बघायला हवं होतं.

"ठो!" ते जोरात म्हणाले.

ओढ्यापलीकडून, उंचावरून, थकलेला आवाज आला.

"यू गॉट मी, बाबा. मी सातपासून इथेच बसलेय."

देवदत्तांनी काठी खाली घेतली. आणि समोरची नारिंगी फांदी हळूहळू झाडावरून उतरू लागली.