जावयाची पोटरी

सासरच्या उंबरठ्यातच कुत्र्याने नव्या जावयाची पोटरी धरली. सोफ्यावरून न उठताच सासरे म्हणाले, "चावत नाही हो तो, ओळख करून घेतो." ओळख चांगलीच खोल झाली होती, पॅन्ट फाटून रक्त मोज्यापर्यंत आलं होतं.

बाथरूममध्ये नळाखाली साबणाने जखम धुता धुता जावई चाचरत म्हणाला, "रेबीजचं इंजेक्शन घेऊन येतो, बाबा."

दाराबाहेर सासरे उसळले. "काही गरज नाही! मी स्वतः नेलं होतं त्याला लस टोचायला. का, माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

झाली का पंचाईत! जावयाने मनातल्या मनात तराजू धरला. एका पारड्यात स्वतःचा जीव, दुसऱ्यात सासरे. लग्न नुकतंच झालेलं असल्यामुळे सासऱ्यांचं पारडं जड भरलं. त्याने मुकाट्याने नळ बंद केला आणि मान डोलावली.

सासरे फिरायला बाहेर पडले मात्र, सासूबाईंनी गाडीची किल्ली त्याच्या हातात कोंबली. "जावईबापू, रुसवेफुगवे मी बघते. तुम्ही आधी दवाखाना गाठा."

"पण बाबा तर म्हणाले, ह्याला लस टोचायला नेलं होतं."

"नेलं होतं ना, ते कुठे खोटं बोलतात?

पण टेबलावर चढवताना हा ह्यांनाच कडाडून चावला. मग ह्यांचा सगळा कोर्स पूर्ण झाला, कुत्र्याचं तेवढं राहून गेलं!"