स्वस्तातली सहल

टोरँटोच्या बर्फातून पळून बार्बाडोसला आल्याचा तिसरा दिवस. हॉटेलचं जेवण परवडत नव्हतं, म्हणून निरंजन बायकोसाठी खोलीतल्या किटलीत मॅगी शिजवत होता. समुद्र दाखवायला सुनीतीने वाईला वडिलांच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. उचलला धाकट्या भावाने.

"अप्पा झोपलेत गं."

"तिकडच्या संध्याकाळी साडेपाचला? आणि घरात टोपी कसली घातलीस? काढ बघू!"

त्याने निमूट टोपी काढली. डोक्याचा गोटा केलेला होता. वडील गेल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी केस काढत नसे.

"ताई, भाऊजीच म्हणाले, सहल झाल्यावर सांगू," आणि तो रडू लागला.

सुनीती वळली. "कधी गेले?"

"आपण निघायच्या आदल्या दिवशी," निरंजन तिच्याकडे न बघता म्हणाला. "तिकिटांचे पैसे परत मिळत नव्हते."