परत घुमला

"बाबा, आवाज परत घुमला," मुलगी म्हणाली आणि कानांवरचे हेडफोन तिनं गळ्यात उतरवले.

त्यानं टेबलावरच्या माईककडे रोखून पाहिलं. आयुष्यभर पंप दुरुस्त केलेला माणूस. बिघाड म्हटला की हात शिवशिवायचे. वायर बदलून झाली, माईक पुसून झाला, पंखा बंद केला, खिडकी लावली. पण तोंडातून "नमस्कार" निघाला की तो समोरच्या भिंतीला भेटून परत यायचा.

"माईक तोच, खोली तीच, मी तोच. मग हे विहिरीत उतरून बोलल्यासारखं का येतंय?"

जुळवून बघायला मुलीनं आईच्या रेकॉर्डिंगचा तुकडा पुन्हा लावला.

आई ताओवर, म्हणजे त्या जुन्या चिनी तत्त्वज्ञानावर, पॉडकास्ट करायची. ती बोलायची, हा बटणं दाबायचा. शेवटचा भाग अर्धाच राहिला होता.

"म्हणून सांगते, पॉडकास्टमध्ये जोर लावायचा नाही," तिचा आवाज अगदी कानाशी येऊन बसला. "बोलणं ढकलायचं नाही. मध्ये मध्ये रिकामी जागा राहू द्यायची, ऐकणारा तिथे टेकतो. ताओवाल्यांचं सगळं गाडं त्या रिकाम्या जागेवरच तर चालतं. पण आमचे बटणवाले! मी श्वास घेतला की यांची कात्री चालली. आणि वर मलाच विचारतात, एवढी घाई का करतेस गं?" ती हसली. "अहो बटणवाले, आज तुम्ही सांगा. रिकामी आहे म्हणूनच कामाची, अशी घरातली एक वस्तू. आणि पातेलं सांगायचं नाही हं. पातेलं सगळेच सांगतात."

मग लांबून त्याचा आवाज. "थांब, विचार करून सांगतो. बंद करतो आता."

खट्ट.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, ती गेलीच.

विचार त्यानं नंतर खूप केला. बादली, खिसा, पंपाची नळी. नळी तिला आवडली असती. पण त्याचं उत्तर तिच्या प्रश्नाला जोडलं की वाटायचं, ती एका घरात बोलतेय आणि हा भलत्याच घरात. ऐकणारे काय म्हणतील याची त्याला पर्वा नव्हती. त्याला फक्त एकदा, तिच्या शेजारी बसून उत्तर द्यायचं होतं. मुलगी संध्याकाळी आपल्या घरी परत निघणार होती, आणि दोन आवाज जुळवायचं हे काम त्याला एकट्याला जमणारं नव्हतं.

"बाबा, आई बोलायला बसताना कपाटाची दारं उघडी टाकायची ना?"

"टाकायची. मी म्हणायचो, पसारा कशाला दाखवतेस."

"पसारा नव्हता तो. कपड्यांत आवाज मुरतो. म्हणून तिचा घुमत नव्हता."

तो उठला. कपाटाची दारं उघडली. आत नुसते हँगर. एक जरासा हलला.

"कपडे मी आणि मावशीनं देऊन टाकले," मुलगी हळू म्हणाली. "तुम्हाला बघवत नव्हते म्हणून."

त्यानं हलणारा हँगर बोटानं थांबवला. "म्हणजे रिकामं झालं म्हणून बिघडलं?"

"हो."

"मग ही बाई इतके दिवस उलटं काय सांगत होती?"

"मला काय विचारता? मी तिच्या नाकावर गेलेय, डोक्यावर नाही."

मुलीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागली. रजया आणल्या, चादरी आणल्या, त्याचे दोन कोट आणले. सगळं कपाटात कोंबलं.

"टाळी वाजवा."

त्यानं वाजवली. टाळी जागच्या जागी विरली.

"बघा! आता बोला. आईच्या शेजारी बसल्यासारखे ऐकू याल."

तो बसला. माईकचा लाल दिवा लागला. "पंपाची..." म्हणाला आणि थांबला.

"काय झालं? छान येतंय की."

"येतंय खरं." तो उठला आणि एक रजई ओढून बाहेर काढू लागला.

"अहो बाबा! आत्ता कुठे जुळलं होतं!"

"तिला कळेल ना, रजया कोंबल्यात ते."

"कोणाला?"

त्यानं दुसरी रजई काढली, चादरी काढल्या. मुलगी बघत राहिली. मग तीही उठली आणि तिनं कोट काढले. हँगर एकमेकांवर वाजले.

तो खुर्चीत बसला. आधी पुढे वाकला, कायम वाकायचा तसा, माईकला जवळजवळ चावेल इतका. मग कोण जाणे का, मागे टेकला.

"कपाट," तो म्हणाला.

शब्द उघड्या दारांतून आत गेला, फिरला आणि सावकाश बाहेर आला.

"बरोबर आहे का गं?"

हे त्यानं कोणाला विचारलं, ते मुलीला कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं. तिनं बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बोट उचललं.

लाल दिवा चालूच होता. बटणवाला दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला.