पडद्यामागचा उंदीर

फेर्मिन पडद्यामागे बूट काढून बसला होता. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. बूट काढायचा नियमच होता, कारण चालीवरूनही माणूस ओळखता येतो अशी गेल्या परीक्षेत कुणीतरी तक्रार केली होती. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. कुणा मास्तराने आपल्याच माणसाला पुढे काढू नये, म्हणून हा सगळा खटाटोप. पलीकडे पाच परीक्षक, आणि अलीकडे चार नंबरची चिठ्ठी खिशात घालून बसलेला एक्कावन्न वर्षांचा फेर्मिन.

जागा एकच होती, ग्रानादाच्या संगीत विद्यालयात गिटारच्या कायम शिक्षकाची. सोळा वर्षं तो हंगामी होता. दर सप्टेंबरला सरकार त्याला गिटारीसकट कुठेतरी धाडायचं, गेल्या वर्षी अल्मेरिया, त्याआधी लिनारेस. या खेपेला एन्कार्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्पष्टच सांगितलं होतं की ही शेवटची परीक्षा. नाही जमलं तर तिच्या भावाच्या फरशांच्या दुकानात उभं राहायचं. फरशांचं फेर्मिनला काही वाटत नव्हतं, मेव्हण्याचं वाटत होतं.

अडचण होती ती उंदराची. गिटारच्या तीन जाड तारांवर बारीक धातूचा वेढा असतो. त्यावरून बोट घसरलं की चीं होतं. आम्हा सगळ्याच गिटारवाल्यांचं होतं, फेर्मिनचं जरा जास्तच. त्याचे गुरू दामासो मास्तर तीस वर्षं म्हणत आले होते की याच्या गिटारीत उंदीर आहे. एका नाताळात तर त्यांनी भर वर्गात त्याच्या गिटारीच्या भोकात चीजचा तुकडा टाकला होता. वास एप्रिलपर्यंत गेला नाही. आणि हेच दामासो मास्तर आज पडद्यापलीकडे मधल्या खुर्चीत बसले होते. उंदीर ऐकला की गुण कापणार, याबद्दल फेर्मिनच्या मनात शंका नव्हती.

म्हणून सहा महिने त्याने उंदीर मारायचाच उद्योग केला, तोही मास्तरांना पत्ता लागू न देता. आधी गुळगुळीत घासलेल्या तारा आणल्या. मग बोटांवरचे घट्टे एन्कार्नाच्या टाचा घासायच्या दगडाने घासले, आणि तिने तो दगड परत घेतला नाही. ऑलिव्हचं तेल लावून पाहिलं, तर बोट असं सटकलं की सूर भलत्याच घरात जाऊन पडला. मग जुन्या वादकांचा उपाय केला. बोट नाकाच्या कडेला घासायचं, तेवढा तेलकटपणा पुरतो. एवढं मोठं नाक आपल्याला कशाला दिलं असेल, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. शेवटी खरा इलाज सापडला, जो तो सोळा वर्षं पोरांना शिकवत होता आणि स्वतः करत नव्हता. बोट तारेवरून फरफटत न्यायचं नाही, आधी उचलायचं, मग हात हलवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणून त्याने स्वतःच्या डोक्यावर एक टपली मारून घेतली.

आता त्याने नाक घासलं आणि सुरुवात केली. अकरा मिनिटं वाजवलं. एकदाही चीं झालं नाही. शेवटचा सूर विरला तेव्हा त्याला स्वतःलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, दुसराच कुणी येऊन वाजवून गेल्यासारखं.

बाहेर तो बुटाची नाडी बांधत होता तेव्हा पाच नंबरची पोरगी आत गेली. हाएनहून आलेली, फार तर पंचविशीची. दाराआडून तिची गिटार ऐकू येत होती. वाजवत होती झकास, पण दर दोन ओळींनी चीं. फेर्मिनला तिची दया आली. बाहेर आली की तिला नाकाचा उपाय सांगायचा, असंही त्याने मनाशी ठरवलं. जिंकणाऱ्याला उदार व्हायला काय जातं.

तासाभराने फळ्यावर गुण लागले. नावांचे लिफाफे जेवणानंतर उघडायचे होते, सध्या नुसते नंबर. पाच नंबर पहिला. चार नंबर दुसरा, अर्ध्या गुणाने मागे. फेर्मिनने तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तेच होतं.

तेवढ्यात दामासो मास्तर काठी टेकत थेट त्याच्याकडेच आले. ऐंशीच्या घरातले, पण मिठी अशी मारली की फेर्मिनच्या बरगड्या दुखल्या. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते त्याच्या कानाशी लागले.

"झालं रे बाबा तुझं काम. मी दहापैकी दहा दिले."

कुणाला, असं फेर्मिनने विचारलं.

"तुला, गाढवा, दुसऱ्या कुणाला? पडदे लावतात म्हणे. पहिल्या ओळीतच तुझा उंदीर ओळखला मी. तीस वर्षं ऐकतोय त्याला."

मास्तरांचे डोळे भरून आले होते. तीस वर्षांत त्यांनी फेर्मिनचं पहिल्यांदाच भलं केलं होतं, आणि ते हाएनला गेलं होतं. त्याने खिशातली चिठ्ठी मुठीत चुरगळली. विचारू नये हे कळत असूनही त्याने विचारलंच.

"आणि मास्तर, तो चार नंबरवाला कसा वाजवत होता?"

"मेला फार सुंदर वाजवत होता," मास्तर म्हणाले. "एक चीं नाही. हा तुझी जागा खाणार हे दिसतच होतं, म्हणून तर त्याला तीनच दिले."