मुख्य विषय: अंत्यविधीशास्त्र

"अंत्यविधीशास्त्र," ब्रिटानं मोठ्यानं वाचलं आणि कॉलेजच्या अर्जात मुख्य विषय म्हणून तेच निवडलं. तिच्या बापाच्या, व्हर्ननच्या घशात कॉफी अडकली.

"खोड ते!" ठसका आवरल्यावर तो ओरडला. "कॉम्प्युटर सायन्स लिही. कॉम्प्युटरच्या घरचे रडत नाहीत."

"बाबा, मला माणसं आवडतात."

"अगं कार्टे, मेलेली?"

"ती काय माणसं नसतात?"

हाउगस्टाड घराणं तीन पिढ्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या गावाची मढी पोचवत आलं होतं. खाली धंदा, वर बिऱ्हाड. दुकानाच्या पाटीवर 'हाउगस्टाड'पुढे 'आणि मुलगा' हे शब्द रंगवले तेव्हा व्हर्नन पाळण्यात होता. त्याला कुणी विचारलंच नाही. आता पाळण्यातून तो काय सांगणार होता म्हणा! पण तेव्हापासून बिचाऱ्याच्या वाट्याला आलं काय? तो न्हाव्याच्या दुकानात शिरला की गप्पा बंद. कुणाला 'तब्येत कशी आहे?' असं विचारायची चोरी. ख्रिसमसचं जेवण आजवर एकदाही सलग झालं नाही, कारण गावातल्या म्हाताऱ्यांना नेमका तोच मुहूर्त सापडायचा. आपल्या पोरीच्या नशिबी हे नको, एवढंच त्याचं म्हणणं. ती सतरा वर्षांची, बारावीत. आणि अर्जाची मुदत आज पाचला संपत होती.

मग त्याला युक्ती सुचली. दोन वाजता आर्डिस टोलेफसन येणार होत्या. वय एक्याऐंशी, स्वभाव कडक. चाळीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं. अजूनही त्या समोरून आल्या की पन्नाशीचे बाप्ये तोंडातलं च्युइंगम गिळून टाकत. त्यांचा नवरा ऑर्लिन परवा गेला होता.

"आज माझ्या शेजारी बस," व्हर्नन म्हणाला. "अर्धा तास. त्यानंतरही हेच म्हणालीस तर मी अर्जाच्या आड येणार नाही."

"शब्द देतोस?"

"दिला." टोलेफसनबाईंपुढे भलेभले गारद झाले होते. ही तर कालची पोर.

बाई आल्या त्या हातात काळा सूट घेऊनच. इस्त्री केलेला, कडक. गेलेल्या माणसाचे कपडे घरच्यांनी आणून द्यायचे, अशी रीत. रडणं नाही, भेकणं नाही. त्या भागात कुणी चारचौघांत रडत नाही. फारच भरून आलं तर हवामानावर बोलतात.

"थंडी पडली," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

"ऑर्लिन फार सज्जन माणूस होता, बाई," व्हर्नन धंद्याच्या मऊ आवाजात सुरू झाला.

"तो आवाज बंद कर. आठवीत नापास झालास तेव्हाही असाच बोलत होतास." बाईंनी शवपेट्यांच्या चित्रांवरून नजर फिरवली. "ही ओकची बरी आहे. दोन लिही."

व्हर्नननं निमूटपणे वहीत दोन लिहिलं आणि मग तो दचकला. "दोन?"

"एक त्याला, एक मला. ख्रिसमसपर्यंत मीही जाईन. राहून करायचंय काय? घरात घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही आता."

तीस वर्षं अशा वेळी व्हर्नन कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवायचा, तसा सरकवला. बाईंनी तो परत सरकवला.

ब्रिटा मात्र सुटाकडे बघत होती. "आजी, हा सूट आजोबांनी कधी घातला होता का हो?"

मेलो, व्हर्नन मनात म्हणाला.

"एकदा. भाच्याच्या लग्नात. सारखा कॉलर ओढत होता. जेवणाआधीच गाडीत जाऊन आपली रोजची डंगरी चढवून आला."

"आणि आता कायमचा घालायचा म्हणता? आता तर त्यांना कॉलरही ओढता येणार नाही."

व्हर्नननं डोळे मिटून घेतले. आता बाई उठणार, गावभर सांगणार, पाटी उतरवावी लागणार. तेवढ्यात कसला तरी आवाज आला. बाईंना ठसका लागला असं वाटून त्यानं घाईघाईनं पाणी ओतलं. पण बाई हसत होत्या! खांदे गदगदा हलेपर्यंत हसल्या आणि हसता हसता रडायला कधी लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. ब्रिटानं समजूत घातली नाही की काही नाही. नुसता त्यांचा हात धरून बसली.

"डंगरी धुतलेली आहे घरी," नाक पुसत बाई म्हणाल्या. "पण चर्चमध्ये लोक काय म्हणतील गं?"

"म्हणतील, हां, हा खरा ऑर्लिन."

बाईंनी सूट पिशवीत कोंबला. इस्त्रीची पर्वाही केली नाही. व्हर्ननला पोरीचा हेवा वाटला. आणि अभिमान तर इतका वाटला, की उगाच खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "थंडी आहे खरी."

"शाळा संपल्यावर काय करणार तू?" बाईंनी ब्रिटाला विचारलं. तिनं बापाकडे पाहिलं.

"अंत्यविधीशास्त्र," व्हर्नन म्हणाला. "आजच अर्ज जातोय."

"किती वर्षं?"

"कॉलेजची चार. मग एक वर्ष माझ्या हाताखाली उमेदवारी."

बाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. मग व्हर्ननची वही ओढून घेतली, दोनचा आकडा खोडला आणि तिथे ठसठशीत एक लिहिला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"माझ्या वेळी ही हवी, व्हर्नन, तू नको. आणि पोरी, घाई करू नकोस. नीट शिकून ये. तोवर मी थांबते."