मठाच्या फटी

दैवशालाच्या अंगणाला लागूनच महानुभावांच्या जुन्या मठाची भिंत होती, चुन्याविना नुसती दगडावर दगड बसवून उभी केलेली. एकदा फटीतून विंचू निघाला आणि तेव्हापासून तीन वर्षांच्या लेकीवरून, राजनंदिनीवरून, दैवशालाची नजर हटेना.

मठातल्या म्हाताऱ्या तपस्विनी सगुणाबाईंनी बजावलं होतं, "सातशे वर्सं झाली माय, ही भिंत त्या फटीतूनच वाळती. बुजवू नको बरं."

पण काळजीनं कधी कुणाचं ऐकलंय? बाई तीर्थाला गेल्याचं पाहून दैवशालानं वडीगोद्रीहून मिस्त्री आणला आणि एकूण एक फट सिमेंटनं भरून घेतली.

पावसाळ्यात पाणी आतच कोंडलं. भिंतीला पोट आलं, दगड निसटू लागले. गावानं मठ रिकामा करायला सांगितला.

बोचकं घेऊन बाई निघाल्या, तशी दैवशाला त्यांना आडवी गेली. "माझ्यामुळं झालं हे. एकदा तरी रागवा ना, बाई!"

बाईंनी राजनंदिनीच्या गालावरून हात फिरवला.

"लेकरू बरंय न्हवं?"

"हो."

"मंग बराबर केलंस," त्या म्हणाल्या, आणि वाकून दैवशालालाच दंडवत घालून एसटीकडं चालू लागल्या.